जिल्हा होणार आहे, प्लॉट घेऊन ठेवा

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन तुकडे झाले आणि गडचिरोली जिल्हा जन्माला आला. तेव्हापासून ब्रह्मपुरी जिल्हा ‘होणार’ आहे. चिमूरवाले म्हणतात, आधी आमचा होणार. मोर्चे निघतात, गाव बंद राहतं, निवेदन दिलं जातं, घेणारा आणि देणारा दोघंही फोटोत येतात. जिल्हा काही होत नाही. पण न झालेल्या या जिल्ह्यावर चाळीस वर्षांवर कोणाची चूल पेटली असेल, तर ती प्लॉटच्या एजंटाची. ज्या साली अफवा जोरात, त्या साली नागभीड रोडचा भाव जोरात. “काकाजी, कलेक्टर ऑफिस इथंच येनार हाये. साहेबाईनं जागा पाहून ठेवली.” कोणत्या साहेबांनी, हे विचारायचं नसतं. ज्या जिल्ह्याचा कलेक्टर पाहून गेला, तो जिल्हाच अजून व्हायचा आहे, एवढी बारीक अडचण सोडली तर माहिती पक्की असते.

एकटा जिल्हाच नाही. बायपास जाणार. वडसा–गडचिरोली रेल्वे धावणार. सुरजागडचं लोखंड निघतंय, कोनसरीला कारखाना उभा राहिला, आता गडचिरोली स्टील हब होणार; मग मोठमोठे साहेब बायका-पोरांना ठेवणार कुठं? ब्रह्मपुरीतच! शाळा इथं, कॉलेज इथं, दवाखाने तर गल्लीगल्लीत. यातलं काही खरं आहे, काही निम्मं खरं आहे, आणि एजंटाच्या तोंडून निघालं की सगळंच पुढच्या दिवाळीपर्यंत होणार असतं.

म्हणून घर किंवा प्लॉट घेताना एजंट कसा निवडायचा, असं कोणी विचारलं तर माझं सांगणं थोडक्यात आहे. ‘होणार’वाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ही जमीन आधी कोणाची होती, त्याच्याकडून कोणाकडं आली, फेरफार कोणत्या साली पडला, बहिणींची नावं कधी आणि कशी निघाली, असं मागचं बोलणारा भेटला तर त्याला बसवून घ्या. तो कंटाळवाणा वाटेल. वाटू द्या.

अडचण एवढीच, की आपल्या गावात एजंट निवडायचा म्हणजे आधी एजंट नसलेला माणूस शोधावा लागतो. पानठेलेवाला एजंट, कटिंगवाला एजंट, निवृत्त तलाठी एजंट, पतसंस्थेचा वसुलीवाला एजंट, नगरसेवक होता होता राहिलेला एजंट आणि झालेला तर आहेच आहे. कोणालाही विचारा, “सध्या काय करता जी?” उत्तर एकच: “पलाटिंग.” अंगात पांढरा कडक शर्ट, दोन मोबाईल, गाडीच्या डिक्कीत पिवळ्या पिशवीत नकाशाची गुंडाळी. आणि सगळ्यात धोक्याचा एजंट घरातच असतो, तो म्हणजे साळा. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि सौदा फसला तर बोलता येत नाही.

सरकारनं या गर्दीत चाळणी लावायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात पूर्णपणे लागू झाला, आणि त्यात प्रथमच एजंटालाही नोंदणी सांगितली गेली. नोंदणी नसताना नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला निघाला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. २०२३ मध्ये महारेरानं पुढचं पाऊल टाकलं आणि एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. विचार करा, जो माणूस बारावीच्या इंग्रजीपासून आयुष्यभर परीक्षेला चुकवत आला, त्याला पन्नाशीत पेपर! त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणंही बंधनकारक झालं. आपल्या चौकातल्या बॅनरवर नेत्यांचे सात फोटो असतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, ‘बँक लोन सुविधा’ असते, आणि कोपऱ्यात एक वाघ असतो. ज्या गावाभोवतीच्या जंगलात खरोखरचे वाघ फिरतात, तिथं ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ या ओळीखाली वाघ छापायला छाती लागते. क्यूआर कोडला तेवढी जागा उरत नाही.

तरी नंबर विचारा. नंबर आहे म्हणजे माणूस सज्जन आहे असं नाही; नंबर आहे म्हणजे तक्रार करायला पत्ता आहे. आणि हेही ध्यानात ठेवा, की रेराचा हात सगळीकडे पोचत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागेचा प्रकल्प त्यातून सुटतो. नियोजन क्षेत्राबाहेर, खेड्याच्या शिवारात पाडलेले प्लॉट बहुधा सुटतात. आणि पेठेतलं मोडकं कौलारू घर एका कुटुंबानं दुसऱ्या कुटुंबाला विकलं, तर त्या सौद्यात मध्ये बसलेल्या माणसाला रेरा काहीच विचारत नाही. आपल्या गावचे निम्म्याहून जास्त सौदे या शेवटच्या जातीचे. तिथं एजंटाची परीक्षा महारेरा घेणार नाही. तुम्हालाच घ्यावी लागेल.

पहिला पेपर भूगोलाचा. प्लॉट दाखवायचा हंगाम धान विकून हातात पैसा आला की सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये रंगात येतो. ब्रह्मपुरीचं तापमान त्या दिवसांत ४५-४६ अंशांवर जातं, देशाच्या बातम्यांत गावाचं नाव येतं, आणि एजंट तुम्हाला बरोबर दुपारी दोन वाजता लेआउटवर नेतो. अशा उन्हात माणूस धुरा पाहत नाही, सावली पाहतो. समोर सपाट मैदान, वर ताजा लाल मुरूम, चुन्याच्या रेघा, चार कोपऱ्यांना सिमेंटचे खुंट. “एकदम लेव्हल जागा हाये जी, भराई टाकायची गरजच नाही.” लेव्हल असणारच. ती बोडी आहे, म्हणजे शेतीचा लहान तलाव. चार पिढ्यांनी तिचं पाणी बांधीला दिलं. तिची पाळ जेसीबीनं मागच्या महिन्यात पोटात ढकलली आणि तिच्यावर मुरूम पसरला, एवढंच. जुलैत पहिला दमदार पाऊस झाला की पाणी आपल्या जुन्या घरी येतं. त्याला लेआउटचा नकाशा कोणी दाखवलेला नसतो.

नदीकडच्या जागेचं तर बोलायलाच नको. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस गोसेखुर्दमधून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगा जी फुगली, ती आपल्या तालुक्यातल्या लाडजसारख्या गावांनी अंगावर घेतली. माणसं बोटीतून काढावी लागली. त्या पुरानंतर आलेल्या उन्हाळ्यातही नदीकडच्या बाजूला ‘रिव्हर व्ह्यू’ प्लॉट दाखवले जात होते. व्ह्यू होता, यात वाद नाही. ऑगस्टमध्ये तो थेट खिडकीतून आत आला असता.

म्हणून एजंटाला पहिला प्रश्न विचारा: पावसाळ्यात इथं काय असतं? नुसतं “काहीच नसते जी” म्हणाला तर शेजारच्या बांधीतल्या बाईला विचारा. तिला दलाली मिळायची नसते.

दुसरा पेपर इतिहासाचा, आणि इथं आपल्याकडचे बहुतेक एजंट नापास होतात. सातबारा दाखवतात सगळेच. मोबाईलवर दाखवतात, बोटानं वर-खाली सरकवत, इतक्या वेगानं की नाव तेवढं दिसावं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. लाखांचा सौदा करणारा माणूस हे १५ रुपये वाचवतो आणि एजंटाच्या अंगठ्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही काढा आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यावर एजंटाचं बोट ठेवायला लावा. म्हणा, “हे वाचून सांगा.” बहुतेकांना नेमकं तेव्हाच चष्मा घरी राहिल्याचं आठवतं.

त्या रकान्यात काय असतं? बँकेचा बोजा असतो. एखाद्या बहिणीचा हक्क असतो. भोगवटादार वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी घेतल्याशिवाय ती जमीन विकता येत नाही. मूळ मालक आदिवासी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. १९७४ पासून बिगर आदिवासीला विक्री करायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, आणि तीही राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेनंच. गोंड, माना, हलबा समाजाच्या गावांनी वेढलेल्या आपल्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय एजंट शेताच्या धुऱ्यावर पाय तरी कसा ठेवतो? ठेवतो. आणि वर म्हणतो, “नोटरी करून घेऊ नं, कायले घाबरता?”

नोटरीचं हे वेड वेगळंच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानंच विकली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये पुन्हा बजावलं, की मुखत्यारपत्रावर आणि साध्या करारावर मालकी जात नाही. पण आपल्याकडं स्टॅम्पपेपर दिसला की माणसाला मालक झाल्यासारखं वाटतं. शंभराचा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारनं बंद करून पाचशेवर नेला. आता पाचपट मालक झाल्यासारखं वाटतं. या स्टॅम्पवर वनहक्काचे पट्टेसुद्धा विकले जातात. २००६ चा वनहक्क कायदा स्वच्छ सांगतो, की पट्टा वारसाकडं जाईल, विकता येणार नाही. म्हणजे विकणाऱ्याजवळ विकायचा अधिकार नाही, घेणाऱ्याला मिळायची जमीन नाही, मधल्या माणसाला मात्र दोन टक्के मिळतात. तिघांपैकी एकाचाच व्यवहार पूर्ण होतो.

आणि आता झुडपी जंगल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे काय ते कळायचं नाही; पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हे दोन शब्द ऐकले की तहसील कार्यालयाच्या बाकावर बसलेली माणसं नुसतीच मान हलवतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, गावाच्या सामाईक वापराच्या जमिनी सरकारच्या नोंदीत गेल्या, आणि ज्यावर चार काटेरी झुडपं होती, त्या जमिनीपुढे ‘झुडपी जंगल’ लिहिलं गेलं. पुढं त्यावर शाळा झाल्या, दवाखाने झाले, घरं झाली, स्मशानंही झाली. कागदावर झुडपं तशीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी रीतसर वाटलेल्या जमिनींसाठी केंद्राकडून मंजुरी घेण्याची वाट ठेवली. त्यानंतरच्या वाटपाकडं मात्र कडक नजरेनं पाहायला सांगितलं. तेव्हा सरन्यायाधीश होते भूषण गवई. माणूस अमरावतीचा, झुडपी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नसेल.

या निकालानंतर मी एका एजंटाला विचारलं, “तुमच्या लेआउटमागं जो पट्टा आहे, तो झुडपीत तर नाही नं?” तो म्हणाला, “छे जी, तिथं आता एकही झुडूप राहिलं नाही. आमीच साफ केलं.” हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

मला राहून राहून नवल वाटतं, ते वडशाचं. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांतून मंडळी वडशाला जातात, नाटक ठरवायला. एका रात्रीचं नाटक. पण काय काय विचारतात! कंपनी कोणती, नायिका कोण, विनोदी नट मागच्या वर्षीचाच आहे का, लावणीला कोण, संगीत कोणाचं, मागच्या मंडईला अमुक गावात प्रयोग अर्धवट का राहिला होता. चार गावांत फोन करून खात्री करतात, मग पैसे देतात. तीच मंडळी जन्माची कमाई प्लॉटात घालताना एकच प्रश्न विचारतात: “तुमी आपल्याच गावचे नं जी?” आणि तो गावचाच निघाला की खिशात हात घालतात. अहो, फसवायला कोणी इंदूरहून येत नाही. इंदूरवाल्याला तुमची बोडी कुठं आहे हे ठाऊक नसतं.

आता मूळ मुद्दा, दलालीचा. एजंट खातो कोणाचं? अमेरिकेत यावरून केवढं महाभारत झालं. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. भांडण असं, की घेणाऱ्याच्या एजंटाची दलालीही विकणाऱ्याच्याच खिशातून जायची, आणि ती ठरवायची रीत अशी होती की दर काही खाली येत नसे. आता तिथं घेणाऱ्यानं आपल्या एजंटाशी आधी लेखी करार करायचा, त्यात त्याचे पैसे लिहायचे, मगच घर पाहायला निघायचं. वाचून हसू आलं. एका सौद्यात दोन एजंट! केवढी ही उधळपट्टी! आपल्याकडं एकच माणूस दोन टक्के इकडून घेतो, दोन टक्के तिकडून घेतो, आणि दोघांनाही सांगतो, “मी तं तुमच्याच बाजूनं हावो.” जो दोन्ही बाजूंचा, तो भाव कमी करायला झटेल की वाढवायला? दलाली टक्क्यानं असेल तर गणित सोपं आहे.

पण दोन-दोन टक्के ही झाली उघड, प्रामाणिक म्हणावी अशी कमाई. खरी मलई आहे ‘वरचे माझे’मध्ये. विकणाऱ्या काकाजींना एजंट विचारतो, “तुमाले हातात किती पाहिजे ते सांगा. दलाली नको मले. वरचे मिळाले तं माझे.” काकाजींना वाटतं, देवमाणूस आहे, दलाली नको म्हणतो. ते आकडा सांगतात. त्या दिवसापासून एजंटाचं एकच काम: घेणारा आणि विकणारा यांची गाठ पडू द्यायची नाही. घेणारे मास्तर घर पाहायला येतील तेव्हा काकाजींना दवाखान्यात पाठवायचं. काकाजी विचारतील, “घेनारा कोन हाये?” तर म्हणायचं, “गडचिरोलीकडचे हायत, लय बिझी माणूस.”

पण रजिस्ट्रीच्या दिवशी भेट टळत नाही. कायद्यानं दोघांना एका खोलीत यावं लागतं, अंगठे लावावे लागतात, फोटो काढावे लागतात. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टपरीवर मी असा एक सौदा जवळून पाहिला. सर्व्हर बंद पडलेला, टोकन पुढं सरकत नाही, चहाची तिसरी फेरी. मास्तर बोलायचं म्हणून बोलले, “काकाजी, बावीसमध्ये थोडं कमी केलं असतं तं बरं झालं असतं, पोराची फी आहे यंदा.” काकाजींचा कप ओठांपाशी थांबला. “बावीस? मले तं अठरा सांगतले.” दोघांनी मिळून एजंटाकडं पाहिलं. एजंटाला त्याच क्षणी झेरॉक्स काढायची आठवण झाली. विक्रीपत्रावरचा आकडा तिसराच होता, चौदा, सरकारी भावाचा. म्हणून कागद वाचून कोणालाच काही दिसलं नव्हतं. चौदाच्या वरचं सगळं नगदी, आणि नगदी रक्कम एजंटाच्या हातून जाणारी. मध्ये चार लाख कुठं सांडले ते कोण सांगणार?

मला दोघांचीही कीव पूर्ण येत नाही. चौदा लिहून बावीस देणाऱ्या मास्तरांना मुद्रांक शुल्क वाचवायचं होतं, काकाजींना कराची कटकट नको होती. दोघांनी मिळून जो अंधार केला, त्यात तिसऱ्यानं हात मारला. २० हजार आणि त्यापुढचा नगदी इसार आयकर कायद्याला चालत नाही, हे त्या टपरीवर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. टपरीवाल्यालासुद्धा.

आणि गंमत अशी, की काकाजींना दाद मागायला कायदा नवा करायचीही गरज नव्हती. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात लिहिलंय, की मालकाला न सांगता एजंटानं त्याच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो. दीडशे वर्षं झाली. पण त्यासाठी आधी कोर्टात सांगावं लागलं असतं, की बाकीचे पैसे नगदी घेतले होते. काकाजींनी चहाचे पैसे दिले आणि घरी गेले. ते पैसे एजंट देणार होता.

विकणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला, घरात म्हातारा-म्हातारी, आणि वॉर्डातलं मोठं घर झाडायलाही माणूस नाही. मुलगा फोनवर म्हणतो, “बाबा, विकून टाका.” बाबा उत्साहानं दिसेल त्या माणसाला सांगतात. आठवड्यात पाच एजंट, पाच भाव. एक म्हणतो पंचवीस, दुसरा अठ्ठावीस, तिसरा सरळ पस्तीस. बाबा पस्तीसवाल्याचा हात धरतात. तिथंच फसतात. पस्तीस सांगणाऱ्याजवळ गिऱ्हाईक नसतं, त्याला फक्त घराची किल्ली हवी असते. सहा महिने घर बंद ठेवून तो हळूच सांगतो, “मार्केट डाऊन हाये काकाजी, वीसला एक पार्टी हाये.” पार्टी त्याचा भाऊ असतो.

त्यापेक्षा एकच नेमा, लेखी नेमा, तीन महिन्यांची मुदत घाला, दलालीचा आकडा टक्क्यात लिहा आणि ‘वरचं’ जे काही निघेल ते मालकाचं, हेही लिहा. लिहायचं म्हटल्यावर एजंटाचा चेहरा कसा होतो तेवढं पाहिलं तरी निवड निम्मी झाली. एक शब्द जास्त: किल्ली आणि मूळ कागद एकाच माणसाकडं देऊ नका. मूळ कागद कोणाकडंच देऊ नका. झेरॉक्स काढायला त्यालाच आवडतं, काढू द्या.

घेणाऱ्यांनी बयाणा चेकनं आणि थेट मालकाच्या खात्यात टाकावा. आपल्याकडं एक जात अशीही आहे, की एजंट शेतकऱ्याला लाख-दोन लाख देऊन ११ महिन्यांचं इसारपत्र करून घेतो आणि त्या कच्च्या चिठ्ठीवर प्लॉट पाडून विकायला बसतो. शेत अजून शेतकऱ्याचं, अकृषक परवानगीचा पत्ता नाही, नगर रचना विभागानं नकाशा पाहिलेला नाही, नकाशातला ‘१२ मीटर रोड’ सध्या तुरीच्या धुऱ्यात आहे. घेणाऱ्यांच्या पैशातूनच शेतकऱ्याचा पुढचा हप्ता जातो. गिऱ्हाईक आटलं की ११ महिने संपतात, शेतकरी जमीन परत घेतो, एजंट फोन घेत नाही, आणि तुमच्याजवळ रंगीत नकाशा उरतो. नकाशात बाग असते, बागेत कारंजं असतं.

हे सगळं लिहिलं म्हणजे गावात चांगला एजंट नाहीच, असं नाही. एक आहेत. वय सत्तरीच्या पुढं, धोतर नाही पण तशीच चाल, सायकल आता नातवानं काढून घेतली. जुन्या तहसीलच्या काळापासून कागद वाचतात. सातबारा समोर ठेवला की आधी उजवी बाजू पाहतात, मग फेरफाराचे नंबर एका चिठ्ठीवर उतरवून घेतात, मग त्यातला एकेक काढायला लावतात. दस्तांच्या सूची क्रमांक दोनचा शोध संगणकावर फुकट करता येतो, हे नातवाकडून शिकून घेतलं. जमिनीवर गेले की आधी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते पाहतात, मग शेजाऱ्याकडं बसतात, सुपारी फोडतात आणि अर्धा तास त्याच्या पिकाचं विचारतात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला सांगतात, “नका घेऊ. आजीची वाटणी सुटली नाही.” किंवा, “धुऱ्याचा तंटा हाये, केस चालू हाये, तुमाले नाही सांगितलं त्यानं.” किंवा, “घ्या, पण दोन आर कमी भरते, मोजणी आणून भाव करा.” पैसे ज्यानं बोलावलं त्याच्याकडूनच घेतात, एक टक्का, आणि सौदा झाला नाही तर रिक्षाभाडं.

मागच्या आठवड्यात एका नातेवाइकाला मी त्यांचं नाव सुचवलं. नातेवाइकानं चौकात चौकशी केली आणि मला फोन केला. आवाजात नाराजी होती.

“कोणाचं नाव देल्लं तुमी भाऊजी? चौकात सगळे सांगून राहिले, त्याच्याकडं नका जाऊ म्हणून. तो तं सौदाच मोडते.”